बांधलेली घंटा

हेमलताबाईंच्या घरी रेडिओ कधी बंद नसे. पहाटे साडेपाचला जो सुरू होई, तो त्या अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. भजनं, मंडीचे भाव, जुनी गाणी, शेतकऱ्यांना सल्ला, काहीही चाले. चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत कुणी पत्ता विचारला तर लोक सांगत, जिथे रेडिओ बोंबलतोय तिथे वरच्या मजल्यावर जा. वीज गेली तर बाई सेलवर चालणारा छोटा रेडिओ काढत. सेल संपले तर मोरीतला नळ थेंब थेंब गळता ठेवत. पाण्याचा नास केला म्हणून मुलगी ओरडायची, आणि मुलगी ओरडली की बाईंना बरंच वाटायचं. तेवढाच घरात आवाज.

लोक ह्याला म्हातारपणाची खोड म्हणत. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पोरांच्या गलक्याची सवय लागली, असंही कुणी म्हणे. खरी गोष्ट अशी होती की बाईंना भूत लागलेलं होतं. भुतं जिने वाजवतात, भांडी पाडतात, नावाने हाका मारतात, असं आपण ऐकत आलो. हेमलताबाईंचं भूत चार वर्षांचं होतं आणि काहीच वाजवत नसे. घरात पूर्ण शांतता झाली, विशेषतः दुपारी तीनच्या सुमाराला, की ते येई. कोपऱ्यात कुणीतरी न रडता बसलंय, हे त्यांना मान न वळवताच कळे. बासष्ट वर्षं हे चाललं होतं आणि त्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा आता नव्हताच.

घरात त्या, मुलगी विनता आणि विनताची सहा वर्षांची प्रणोती. जावई अंबरीश रेल्वेत, बदली इटारसीला, शनिवार-रविवारचा पाहुणा. विनता जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होती. ह्या वर्षी तिच्या वाट्याला म्हशी आल्या होत्या. शहराच्या कडेच्या डेअऱ्यांतून म्हशींच्या सडांवर फोड येऊन राहिले होते, आणि दूध काढणाऱ्यांच्या बोटांवरही.

एका संध्याकाळी बाई पानाचा डबा घेऊन सुपारी कातरत होत्या. विनता शेजारी येऊन बसली आणि तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पांढुरक्या पातळ पडद्यावर लाल लाल ठिपके.

"हे काय ग? कुंकू सांडलं का कुठे?"

"अंड्याच्या आतली कातडी आहे, आई. कोंबडीच्या अंड्याची. तिच्यावर गाईच्या देवीचा विषाणू वाढवला आहे. माझ्या म्हशीवाल्या विषाणूचा चुलतभाऊ समज. उद्या लॅबमधल्या पोरांना शिकवायचं आहे. आता हा दुसरा बघ."

दुसऱ्या फोटोत ठिपके पांढरे होते.

"हा वेगळा रोग?"

"नाही न. तोच विषाणू. फक्त त्याच्यातला एक जीन काढून टाकला. तेवढ्यानं लालचे पांढरे झाले." विनताने आईच्या हातातला अडकित्ता घेतला. शिकवायचं म्हटलं की ही थेट आईवर जाई. हातात येईल त्या वस्तूचं उदाहरण. "आपल्या पेशीत एक एन्झाइम असतं, ते हा अडकित्ता समज. आणि एक निरोप पडलेला असतो, ह्या अख्ख्या सुपारीसारखा. अख्खा आहे तोवर कामाचा नाही. विषाणू घुसला की अडकित्ता ती सुपारी कातरतो, आणि तो तुकडा बाहेर जाऊन बोंब मारतो, या रे, इथे घुसले! मग पांढऱ्या पेशी धावून येतात. ताप चढतो, सूज येते, ठणका लागतो. तो सगळा दाह आपल्याला नको वाटतो, पण तो आपलाच चौकीदार आहे."

"आणि हा मेला काय करतो?"

"खोटी सुपारी बनवतो. एक प्रोटीन. दिसायला अगदी तश्शीच. अडकित्ता तिला चावतो आणि चावल्या जागी अडकून बसतो. पुन्हा उघडतच नाही." विनताने जवळ पडलेला प्रणोतीचा खडूचा तुकडा अडकित्त्यात कोंबून दाबला आणि तो तसाच धरून ठेवला. "झालं. निरोप कातरलाच गेला नाही, बोंब झालीच नाही. आत लुटालूट चालू आणि बाहेर सगळं चुपचाप. ह्या लाल फोडात पाहा, नुसतं रक्त आहे. धावून कुणी आलंच नाही. तो जीन काढला की बोंब होते, पांढऱ्या पेशी भरभरून येतात, म्हणून तो फोड पांढरा."

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. म्हणाल्या, "म्हणजे तो घंटेची जीभ बांधतो."

"कोणती घंटा?"

"काही नाही. माणसांच्या देवीलाही असं येत होतं का ग, हे गप्प करणं?"

"तिच्याजवळही असंच एक प्रोटीन होतं. पण आई, अंड्यात दिसलं ते माणसात तसंच्या तसं होतं असं नाही हं. बाकी पन्नास गोष्टी असतात. माझ्या म्हशीवाल्याकडे ते किती काम करतं, तेच तर मी शोधून राहिले." आणि उठता उठता तिला आठवलं. "तू प्रणोतीला त्या गुणवंतच्या डेअरीवर नेऊ नको आता. तिला इसब आहे. इसबवाल्या कातडीत हा घुसला तर अंगभर पसरतो. दूध पाकिटाचं घेऊ थोडे दिवस. ऐकून राहिली न?"

"ऐकलं ग बाई. बहिरी नाही मी."

पण त्या रात्री त्यांनी रेडिओ उशाशी घेतला आणि आवाज वाढवला.

आता ती घंटा. देव्हाऱ्यातली पितळेची, वीतभर, मुठीवर नंदी असलेली. बाईंच्या माहेरची. माहेर म्हणजे बडा फुहाऱ्याच्या चौकामागच्या बोळातल्या भाड्याच्या दोन खोल्या. आता तिथे साड्यांचं गोदाम आहे. वडील फॅक्टरीत फिटर. घरात आई, आजी, बारा वर्षांची हेमलता आणि चार वर्षांचा श्रीपाद. ह्या घराची एक रीत होती. कुणाला देवी आल्या की आजी सगळ्यात आधी घंटेचा लोलक हळदीच्या फडक्यानं बांधून टाकी. आईला, म्हणजे देवीला, आवाज खपत नाही, म्हणे. मग घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद, वैद्य-डॉक्टर बंद, भांडण बंद. आणि मुख्य म्हणजे रडणं बंद. ज्याच्या अंगात ती आली आहे त्याने तर मुळीच रडायचं नाही. तिचा अपमान होतो.

श्रीपादला देवी आल्या तेव्हा हेमलताला त्याच्यापाशी बसवलं. तिला शाळेत लस टोचलेली होती. श्रीपादला टोचायला माणसं आली तेव्हा आजीने त्याला धान्याच्या कोठीमागे लपवलं होतं. हेमलताचं काम एकच, त्याला गप्प ठेवायचं. पोर पहिल्या दिवशी फार रडलं. चार वर्षांचं पोर, अंगभर आग, ते रडणार नाही तर काय करणार? आजी दारातून डोळे वटारी. मग हेमलताने एक युक्ती केली. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "तू रडलास न, तर आई रागावेल आणि मला घेऊन जाईल."

श्रीपादचा ताईवर फार जीव होता. त्याने दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले. तो पुन्हा रडला नाही. दोन दिवस तो तसाच, तोंडावर हात घेऊन पडून होता. तिसऱ्या दुपारी त्याने हात काढले आणि म्हणाला, "ताई, आता दुखत नाही." हेमलता धावत सांगायला गेली. आजी म्हणाली, शांत झाली ग माय. तिने घंटेचं फडकं सोडलं, दहीभाताचा नैवेद्य केला. दिवेलागणीला श्रीपाद गेला. भावाच्या शेवटच्या दोन दिवसांत त्याला रडूही दिलं नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारी आपण, हे हेमलताला बाराव्या वर्षीच कळलं. ते तिने गिळलं. आजी, आई, वडील एकेक करून गेले आणि घंटा तिच्याकडे आली.

तर अशी ही बाई. तीस वर्षं तिने पोरांना लस म्हणजे काय ते फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. तिला सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि हाडात मुरलेलं असणं ह्यात फार अंतर असतं, हे तिला स्वतःबद्दल मात्र माहीत नव्हतं.

गुणवंतच्या डेअरीवर नेऊ नको असं विनता म्हणाली, आणि बाई "ऐकलं" म्हणाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी प्रणोतीला तीनदा नेलं. डोळ्यांसमोर काढलेलं, फेसाळ दूध घ्यायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय तिथे एक रेडकू होतं, महिन्याचं, आणि प्रणोती त्याच्या गळ्यात हात टाकल्याशिवाय परत यायची नाही. लांब बाह्यांचा फ्रॉक घालून नेऊ, असा तोडगा बाईंनी काढला. तिथे पोचल्यावर पोरगी बाह्या वर सारी. तिच्या कोपराच्या खळग्यात इसबाचे लाल चट्टे, सदा खाजवून ओले.

तिसऱ्या वेळी बाईंना गुणवंतच्या अंगठ्यावर चिंधी दिसली.

"काय झालं रे? क्या हुआ अंगूठे में?"

"कुछ नहीं अम्मा, तार लग गया था." गुणवंतने हात मागे घेतला. त्याच्या मागच्या म्हशीच्या सडावर शेंदरासारखं काही थापलं होतं. बाईंनी ते पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे गुणवंतने पाहिलं. लोकांना कळलं तर त्याचं दूध कुणी घेणार नव्हतं. बाईंनी सांगितलं तर डेअरीवर पोरीला आणलं हे विनताला कळणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांनीही हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

सोमवारी विनता नमुने गोळा करायला मंडल्याच्या बाजूला पाच दिवसांसाठी गेली. मंगळवारी प्रणोतीला ताप आला. बुधवारी सकाळी ती म्हणाली, "आजी, इथे बघ न, फुंसी आली."

बाईंनी चष्मा लावला. कोपराच्या खळग्यात सात-आठ फोड होते. मोत्यासारखे टणक, आणि प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखा खळगा.

तो खळगा त्यांनी बासष्ट वर्षांत पाहिला नव्हता. कांजिण्या पाहिल्या होत्या, गोवर पाहिला होता, घामोळ्या पाहिल्या होत्या. हा खळगा एकदाच पाहिला होता, श्रीपादच्या कपाळावर. देवी जगातून गेल्याला जमाना झाला, हे त्यांना पाठ होतं. म्हशीचा फोड असा दिसतो, हे विनताने मागेच सांगितलेलं होतं. हे सगळं डोक्यात हजर असताना त्यांचा हात आपोआप रेडिओकडे गेला आणि त्यांनी तो बंद केला.

मग जे झालं ते जणू दुसरंच कुणी करत होतं. जुन्या पातळाची पट्टी फाडली, हळदीत भिजवली, घंटेच्या लोलकाला गुंडाळून घट्ट गाठ मारली. गॅसवर चढवलेलं फोडणीचं तेल उतरवलं. खालून कडुनिंबाचा डहाळा आणवला.

कामाला येणारी शकु दारात थबकली. तिने पोरीचा हात पाहिला आणि म्हणाली, "अम्मा, ये ठीक नहीं लग रहा. डॉक्टर को दिखा दो."

"हळू बोल," बाई कुजबुजल्या. "माता आई है. दो-तीन दिन तू मत आ."

शकु पाचवी नापास. तिने एकदा बांधलेल्या घंटेकडे पाहिलं, एकदा मास्तरीणबाईंकडे, आणि मान हलवत निघून गेली.

संध्याकाळी विनताचा फोन आला. मध्ये मध्ये तुटत होता.

"आई, सगळं ठीक न? आज रेडिओ काहून ऐकू येऊन नाही राहिला?"

"डोकं दुखत होतं जरा. सगळं ठीक आहे ग. शांत आहे सगळं."

"प्रणोती?"

"झोपली."

बाईंना बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण मग डेअरीचं सांगावं लागलं असतं, गुणवंतच्या अंगठ्याचं सांगावं लागलं असतं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट बाहेर आली असती जी एकदा निघाली की थांबली नसती. त्यांनी फोन ठेवला. आपण पुन्हा तेच करतोय, असं त्यांना वाटलं, आणि भीती वाटली, आणि तरी त्यांनी तेच केलं.

गुरुवारी फोड दोन्ही हातांवर, गळ्यावर आणि गालापर्यंत आले. प्रणोती खाजवत होती, विव्हळत होती. "आजी, जळतंय! मम्मीला बुला न! बहुत जल रहा है!"

"रडू नको ग राणी. रडायचं नसतं."

"काहून नाही?"

आणि हेमलताबाईंनी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दोन पदव्या असलेल्या बाईने, नातीच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "तू रडलीस न, तर आई रागावेल. मला घेऊन जाईल."

प्रणोती आजीकडे बघत राहिली. सहा वर्षांच्या मुलीला आजी म्हणजे काय, ते सांगायला नको. तिने ओठ मिटून घेतले.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. पंखा थांबला. नळ बंद होता, रेडिओ तीन दिवसांपासून मुका. खालच्या गल्लीतही कुणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. बाई पोरीच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा हलवत बसल्या होत्या, आणि तो आला.

त्या मान वळवणार नव्हत्या. बासष्ट वर्षांत कधी वळवली नव्हती. कोपऱ्यात, कपाटाच्या बाजूला, जमिनीलगत तो बसलेला होता आणि रडत नव्हता. त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता. फक्त तिथली हवा दाबून धरल्यासारखी वाटत होती. त्यांनी जपायला नाव शोधलं, सापडलं नाही.

"आजी," प्रणोती हळूच म्हणाली. तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "आता दुखत नाही."

बाईंनी खाली पाहिलं. पोरीचे गाल सुजलेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि अंग हाताला गार लागत होतं. एवढं बोलून तिने दोन्ही तळहात तोंडावर ठेवले. बाईंनी तिला ते शिकवलं नव्हतं. तसं करून दाखवणारं त्या घरात कुणीच नव्हतं.

तेव्हा हेमलताबाईंनी मान वळवली.

कोपऱ्यात तो होता की नव्हता, ह्यावर आपण कशाला वाद घालायचा? त्यांना दिसला. कपाळावर फोड, पोट सुटलेलं, चड्डीची नाडी लोंबती, आणि दोन्ही तळहात तोंडावर. हातांवरून तो ताईकडे बघत होता. तिला कुणी नेऊ नये म्हणून तो बासष्ट वर्षं तोंड दाबून बसला होता. आत लुटालूट चालू आणि बाहेर सगळं चुपचाप, हे विनता अंड्याच्या फोटोवरून सांगत होती, तेव्हा बाईंना हाच दिसला होता, आणि तरीही त्यांनी घंटा बांधली.

"श्रीपाद," त्या म्हणाल्या, "चुकले रे मी."

त्या उठल्या. गुडघे वाजले. देव्हाऱ्याशी जाऊन घंटा उचलली, पण हळद सुकून गाठ दगड झाली होती. नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. पानाचा डबा शेजारीच होता. त्यांनी अडकित्ता घेतला आणि फडक्यावर दाबला, एकदा, दोनदा, बोटाचं सालटं निघालं, आणि पट्टी तुटली. मग ती बाई गॅलरीत गेली आणि आग लागल्यासारखी घंटा बडवत सुटली.

"शकु! अरे कोई है? गाडी बुलाओ! मेरी बच्ची को ले चलो! कोई सुनो रे!"

गल्लीतली दारं उघडली. समोरच्या घरी धुणं धूत असलेली शकु ओल्या हातांनीच धावत आली. पोरीला चादरीत गुंडाळून खाली आणेपर्यंत कुणीतरी ऑटो आणला. ऑटोत बाईंनी विनताला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

"विनू, मी खोटं बोलले. प्रणोतीला तुझ्या म्हशीवाल्याचे फोड आले आहेत. बुधवारपासून. मी तिला डेअरीवर नेत होते. गुणवंतच्या अंगठ्याला पण आहे, मी पाहिलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

विनता एवढंच म्हणाली, "डॉक्टरला हे सगळं असंच्या असं सांग. एक शब्द सोडू नको. मी परतीच्या वाटेवरच आहे, पोचतेच."

बाईंनी एक शब्द सोडला नाही. दवाखान्यात अपघात विभागात उभं राहून त्यांनी मोठ्याने, शाळेत धडा वाचत तसं, सगळं सांगितलं. म्हैस, रेडकू, इसब, तारखा, कडुनिंब, घंटा. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईने विनताशी फोनवर बोलून मुलीला व्हरांड्याच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत हलवलं. बाईंना मास्क दिला, हातमोजे दिले. फोडांतून दुसरा संसर्ग रक्तात गेला असावा, अंगातलं पाणी कमी झालंय, दोन दिवस काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली.

सलाईन लावायला शीर सापडेना. सुजलेल्या हातावर नर्सने एकदा सुई घातली, काढली, पुन्हा घातली. प्रणोतीच्या कपाळावर आठी उमटली, पण तोंडातून आवाज नाही. मोकळा तळहात तिने तोंडावर घट्ट धरला होता.

"बच्ची रो क्यों नहीं रही?" डॉक्टरच्या आवाजात काळजी होती. "माँजी, इतनी चुप बच्ची मुझे अच्छी नहीं लगती."

बाई खाटेशी गुडघ्यांवर बसल्या. विनता तेवढ्यात दारात येऊन पोचली होती, नमुन्यांची पेटी अजून खांद्याला, पायांवर मंडल्याची धूळ. ती आत यायला निघाली आणि आईचं बोलणं ऐकून जागीच थांबली.

"प्रणू, ऐक. मी तुला खोटं सांगितलं. कुणी आई नाही रागवत. मला कुणी नेत नाही. मला एक भाऊ होता, श्रीपाद. तुझ्याहून लहान. त्याला पण असेच फोड आले होते. मी त्याला पण असंच सांगितलं, रडू नको म्हणून. त्यानं माझं ऐकलं. तो रडला असता न, तर कुणीतरी आलं असतं. शेजारचे आले असते, वडील उठले असते, कुणीतरी डॉक्टर आणला असता. तो माझ्यासाठी गप्प राहिला ग. तू नको राहू."

दारात विनताने पेटी खाली ठेवली. आईला भाऊ होता, हे तिला सेहेचाळीस वर्षांत आज कळत होतं.

प्रणोतीने डोळे उघडायचा प्रयत्न केला. एकच उघडला. हाताआडून तिने विचारलं, "मग तुला कोणी घेऊन नाही जाणार?"

"नाही. शप्पथ."

"मग रडू?"

"रड ग माझे बाई. मोठ्यानं रड."

बाईंनी तिचा तळहात तोंडावरून उचलून आपल्या मुठीत घेतला. नर्सने सुई पुन्हा लावली. प्रणोतीचा खालचा ओठ आधी नुसता थरथरला. मग घशातून एक बारीक, गंजलेला सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला, आणि मग तिने असा टाहो फोडला की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

"अच्छा है," डॉक्टर नळी बसवत म्हणाली. "रोने दो, अच्छा है."

विनता धावत येऊन लेकीच्या पायांशी बसली. आईकडे तिने पाहिलं नाही. ते पाहणं पुढे कधीतरी व्हायचं होतं आणि ते सोपं नसणार, हे बाईंना कळत होतं. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. मोठ्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज होता. लहान, जाडसर, हुंदक्याहुंदक्याला अडखळणारा, चार वर्षांच्या पोराचा. तो खोलीच्या कोपऱ्यातून येत होता.

"विनू," बाई म्हणाल्या, "दोघं रडून राहिले न ग?"

विनताने लेकीच्या पायावरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने आईचा खांदा धरला. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. कोपऱ्यातला तो आवाज हळूहळू मोठा होत गेला.